समुद्राचं पाणी गोडं केल्यावर मीठ जातं कुठे?

पाटीपेन्सिल

आठवीच्या वर्गावर पाण्याचं शुद्धीकरण शिकवत होते. समुद्राचं पाणीही पिण्याजोगं करता येतं एवढं सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळणार, तोच मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, मग ते मीठ कुठं ठेवतात?" मी म्हटलं, परत समुद्रात सोडतात. त्यावर लगेच दुसरा प्रश्न, "मग समुद्र आणखी खारट नाही का होत?" घंटा झाली. उद्या सांगते म्हटलं आणि घरी आल्यापासून वाचत बसले आहे.

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पिण्याच्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी हवेत, एवढं कळलं. पृथ्वीवरचं ९७ टक्के पाणी समुद्रात आहे. तंत्रज्ञान हाताशी आहे. मला तर हा टंचाईवरचा सरळ उपाय वाटतो. मग सगळे किनाऱ्यावरचे देश हेच का करत नाहीत? ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. मुलीला खरं उत्तर द्यायचं आहे.

रानवारा

मीठ परत समुद्रात कशाला सोडायचं? वाळवा आणि विका. पाणीही मिळालं, मीठही मिळालं.

हिशेबनीस

@रानवारा, आकडे मांडून बघू.

दिवसाला १० कोटी लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प घ्या. चेन्नईजवळचे मिंजूर (२०१०) आणि नेम्मेली (२०१३) हे दोन्ही एवढ्याच क्षमतेचे. आत घेतलेल्या १०० लिटरमधून साधारण ४५ लिटर गोडं मिळतं, म्हणजे रोज २२ कोटी लिटर समुद्र आत ओढायचा. लिटरला ३५ ग्रॅम धरले तर त्यात ७,७०० टन क्षार आले. दररोज. वर्षाचे झाले २८ लाख टन. सगळ्या जगाचं मिठाचं उत्पादन वर्षाला २८-३० कोटी टनांच्या घरात आहे. म्हणजे एका प्रकल्पातून जगाच्या एक टक्का मीठ! असे पाच-पंचवीस प्रकल्प मीठ विकायला बसले तर घेणार कोण?

शिवाय हाती येतं ते कोरडं मीठ नव्हे. लिटरला ६०-६५ ग्रॅम क्षार असलेलं पाणी येतं. ते वाळवायला मैलोगणती मिठागरं लागतील.

रानवारा

बापरे. हा आकडा डोक्यातच आला नव्हता.

सोनचाफा

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न. पाणी उकळून वाफ गोळा केली तर गोडं पाणी मिळतं, हे तर शाळेतच शिकलो. मग मीठ अडवणाऱ्या पडद्यांतून पाणी दाबानं ढकलतात म्हणे, ती भानगड कशासाठी?

हिशेबनीस

बाळबोध मुळीच नाही, सगळ्या इतिहासाचा प्रश्न आहे हा. खाऱ्या पाण्याची वाफ गोडी असते हे ॲरिस्टॉटललाही माहीत होतं. अडचण उष्णतेची. १,००० लिटर पाण्याची वाफ करायला (तापवण्याची उष्णता सोडून) सुमारे ६२७ युनिट ऊर्जा जाते. पडद्यातून तेवढंच पाणी काढायला आज ३ ते ४ युनिट वीज लागते.

अर्थात उकळण्याच्या मोठ्या प्रकल्पांत ती उष्णता एकदाच वापरून सोडत नाहीत. एका टप्प्यातली वाफ थंड होताना जी उष्णता देते, तिच्यावर पुढचं पाणी तापतं. असे अनेक टप्पे. तरीही पडद्याची बरोबरी होत नाही.

इंजिनरूम

@सोनचाफा, उष्णता फुकट असेल तर उकळणंच बरं. आम्ही जहाजावर वर्षानुवर्षं तेच केलं.

मुख्य इंजिन थंड ठेवणारं पाणी इंजिनातून साधारण ८० अंशांवर बाहेर येतं. ते फ्रेश वॉटर जनरेटरमधून, म्हणजे पाणी गोडं करणाऱ्या यंत्रातून फिरवायचं. एवढ्यावर समुद्राचं पाणी उकळत नाही, म्हणून आतली हवा खेचून काढायची. हवेचा दाब उतरला की पाणी ५० अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. पुढच्या काचेच्या झरोक्यातून बघायचो, आत पाणी खदखदतंय आणि बाहेरून भांड्याला जेमतेम चटका बसतोय.

बाहेर पडणाऱ्या पाण्यावर क्षारमापक बसवलेला असतो. ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की घंटा वाजते आणि झडप आपोआप फिरून ते पाणी टाकीत जाऊच देत नाही. रात्री-अपरात्री ती घंटा वाजली की ओळखायचं, एकतर आतलं पाणी फार चढलंय किंवा पत्र्यांवर खपली धरलीय. मग उघडून साफ करायचं. टायटॅनियमच्या पातळ पत्र्यांवर पांढरी, करकरीत खपली असते, नखानं निघत नाही, आम्लात भिजवावी लागते.

आणि एक नियम अगदी पहिल्या दिवशी शिकवला गेला: बंदराजवळ, नदीच्या मुखाजवळ हे यंत्र चालवायचं नाही. पाणी ५० अंशांवर उकळतं, त्यात जंतू मरत नाहीत. किनाऱ्याचं पाणी मैलं असतं. खोल समुद्रात गेल्यावरच चालू करायचं, तरी वर निर्जंतुक करायचंच.

सोनचाफा

@इंजिनरूम काका, काय सुंदर सांगितलंत! चव कशी असायची?

इंजिनरूम

फिक्की. अगदी पोकळ. तोंडात काही धरल्यासारखं वाटतच नाही. म्हणून टाकीत जाण्याआधी क्षारांच्या दगडांवरून ते पाणी नेत असू. नुसतं गेलं तर लोखंडी टाकीही खातं.

दाबमापक

पाटीपेन्सिल ताई, मी आखातातल्या एका प्रकल्पात ११ वर्षं काढली. उकळण्याचा विभागही पाहिला, पण बहुतेक काळ आरओवर, म्हणजे दाबानं पडद्यातून पाणी काढण्याच्या विभागात होतो. सविस्तर लिहितो.

पडद्याच्या एका बाजूला खारं, एका बाजूला गोडं पाणी ठेवलं तर गोडं पाणी आपणहून खाऱ्याकडे जातं. हा परासरणाचा ओढा समुद्राच्या पाण्यासाठी हवेच्या दाबाच्या २७ पट असतो. तो उलटवायचा म्हणजे त्याहून जास्त दाब द्यायचा. प्रत्यक्षात ५५ ते ७० बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात असा पडदा बनवला, ज्यातून कामापुरतं पाणी खरोखर सुटू लागलं. त्याआधी थेंब-थेंब यायचा. सौरिराजन आपल्याकडचे, हे मुलांना जरूर सांगा.

प्रकल्पात शिरलात तर आधी आवाज. उच्च दाबाच्या पंपांपुढे बोलणं ऐकूच येत नाही, खुणांनी काम चालतं. समोर पांढऱ्या नळ्यांची भिंत. प्रत्येक नळी आठ इंच जाड, तिच्यात एकामागे एक सहा-सात पडद्यांच्या गुंडाळ्या. प्रत्येक नळीला नमुन्याचा छोटा नळ. रोज एकेक नळ उघडायचा, पेला धरायचा, मीटर बुडवायचा. शंभर नळ्या सारख्या आकड्यावर आणि एक मध्येच चढलेली दिसली की समजायचं, आत कुठेतरी रबराची कडी निसटलीय. मग त्या नळीच्या पोटात प्लास्टिकची बारीक नळी हळूहळू सरकवायची आणि हातभर अंतरावर पाणी तपासत जायचं. जिथे आकडा उडी मारतो, तिथे गळती. शंभर रुपयांचीही नसलेली ती कडी, पण तिच्यापायी सगळ्यांची रात्र जाते.

विजेबद्दल हिशेबनीस यांनी लिहिलंय ते बरोबर. ३-४ युनिटांवर आलो ते उरलेल्या खाऱ्या पाण्यामुळे. ते बाहेर पडतं तेव्हा त्याच्यात जवळजवळ तेवढाच दाब शिल्लक असतो. पूर्वी तो वायाच जायचा. आता सिरॅमिकच्या फिरत्या दंडगोलात तो दाब थेट आत येणाऱ्या पाण्याला देतात, ९५ टक्क्यांहून जास्त परत मिळतो. अर्धं पाणी गोडं काढायचं असेल तर निसर्गाच्या नियमानं १,००० लिटरला एक युनिटाच्या खाली जाताच येत नाही. त्यामुळे उद्या वीज दहापट कमी लागेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

हिशेबनीस

३.५ युनिट धरले तर एका लिटरला साडेतीन वॉट-तास. दहा वॉटचा दिवा वीस मिनिटं. माणशी रोज १०० लिटर धरले तर ५० वॉटचा पंखा सात तास. एका माणसाला हे फार नाही. शहराला मात्र वेगळं वीजकेंद्र लागेल.

निळाई

मूळ प्रश्नाकडे येते. मी समुद्री जीवांवर काम करते आणि सोडलेल्या पाण्याच्या तोंडाशी बुडी मारलेली आहे.

खारं पाणी जड असतं. ते समुद्रात सोडलं की मिसळून जाईल असं आपण गृहीत धरतो, पण शांत ठिकाणी ते सरळ तळाशी बसतं आणि उताराच्या दिशेनं ओढ्यासारखं वाहत जातं. हे डोळ्यांनी दिसतं. दोन पाण्यांच्या सीमेवर सगळं थरथरतं, तापलेल्या डांबरी रस्त्यावरची हवा हलते तसं. हात घातला की बोटं धूसर होतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मुखवट्यावर बाष्प धरलंय असं वाटून दोनदा धुतला.

तळाच्या त्या थरात वरचा प्राणवायू नीट उतरत नाही. मासा पोहून निघून जातो. शिंपले, किडे, समुद्रगवत कुठे जाणार? भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया हे गवत तर खारटपणा थोडासा वाढला तरी मान टाकतं. ते एकेक पान करत फार सावकाश वाढतं, एकदा गेलं की आपल्या हयातीत परत येत नाही. लहान मासे त्याच गवतात वाढतात.

आणि हे नुसतं मीठ नसतं. पडद्यावर खपली धरू नये म्हणून घातलेलं रसायन, गाळ बसवायला वापरलेलं लोहक्षार, पडदे धुतल्याचं पाणी, हे सगळं सोबत येतं. उकळण्याच्या जुन्या प्रकल्पांतून तांबंही झिजून येतं. आत ओढताना काय मरतं ते वेगळंच. माशांची अंडी, अळ्या जाळीतून थेट आत.

ओंजळ

निळाई ताईंचा प्रतिसाद वाचून मन विषण्ण झालं. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या पाणीविषयक संस्थेचा अभ्यास आला होता. जगात सुमारे १६ हजार प्रकल्प, दिवसाला ९.५ कोटी घनमीटर गोडं पाणी आणि १४.२ कोटी घनमीटर खारा उरलेला द्रव. गोड्यापेक्षा खारं दीडपट!

माझं मत स्पष्ट आहे. समुद्राकडे हात पसरण्याआधी घरातलं सांभाळा. गळत्या बंद करा. सांडपाणी शुद्ध करून वापरा. सांडपाण्यात क्षार लिटरला एखाद्या ग्रॅमच्या आसपास, समुद्रात ३५. पडद्याला कोणतं सोपं जाईल? नामिबियातलं विंडहोक १९६८ पासून सांडपाण्याचं पिण्याचं पाणी करतंय. सिंगापूरनं २००३ मध्ये न्यूवॉटर आणलं. लोकांना किळस वाटते म्हणून आपण समुद्राच्या तळाचा जीव घ्यायचा?

भटका

ओंजळ, सांडपाणी वापरायला आधी पाणी असावं लागतं. जिथे नदीच नाही तिथे काय? लक्षद्वीपचं उदाहरण घ्या. बेटावर नदी नाही, विहिरी खणाव्यात तर मचूळ पाणी. कवरत्तीला २००५ मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं दिवसाला एक लाख लिटरचा प्रकल्प उभा केला. पडदे नाहीत, रसायनं नाहीत. वरचं उबदार पाणी निर्वात टाकीत सोडायचं, त्यातलं थोडं वाफ होतं, आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्यानं ती वाफ थंड करायची. पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही झाले. वरच्या पाण्याचा अगदी थोडा अंश वाफ होत असल्यानं परत जाणारं पाणी नावालाच जास्त खारट.

इंजिनरूम

@भटका, हे म्हणजे आमचंच यंत्र! फक्त इंजिनाच्या जागी सूर्य.

हिशेबनीस

@ओंजळ, दीडपट हा आकडा बरोबर, पण त्याचं कारण आखातातले उकळण्याचे प्रकल्प. ते आत घेतलेल्या पाण्यातलं फार थोडंच गोडं करतात. नुसत्या आरओचा सव्वापटीच्या आसपास येतो.

आता त्या मुलीचा दुसरा प्रश्न, समुद्र जास्त खारट होतो का. ९.५ कोटी घनमीटर रोज म्हणजे वर्षाला ३५ घनकिलोमीटर. सूर्य दरवर्षी समुद्रातून चार लाख घनकिलोमीटरहून जास्त पाणी उचलतो. आपण दहा हजारातला एक भागही नाही. आणि प्यायलेलं पाणी शेवटी गटारातून, नदीतून, पावसातून समुद्रातच जातं. सगळ्या समुद्राचा खारटपणा यानं हलत नाही.

निळाई

@हिशेबनीस, सगळ्या समुद्राचं मान्य. पण मासा काही सगळ्या समुद्रात राहत नाही, तो एका जागी राहतो. आणि सगळे समुद्र मोकळे नसतात. इराणचं आखात सरासरी ३५ मीटरच खोल, बाहेर जायला होर्मुझच्या सामुद्रधुनीची एकच वाट, ऊन प्रचंड, मोठ्या नद्या मोजक्याच. मुळातच लिटरला चाळीस ग्रॅमच्या वर. आणि जगातले सर्वांत मोठे प्रकल्प तिथेच एकमेकांना खेटून.

दाबमापक

निळाई ताईंशी सहमत, आणि त्याचा फटका आम्हालाच बसतो. आजूबाजूचं पाणी जेवढं खारट, तेवढा दाब जास्त, तेवढी वीज जास्त.

समुद्र आजारी पडला की काय होतं तेही सांगतो. २००८ च्या अखेरीस ओमानच्या बाजूनं लाल भरती आली, सूक्ष्म शेवाळाचा प्रचंड उद्रेक. सकाळी इनटेकवर, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेतात तिथे गेलो तर पाणी तपकिरी, हातात घेतलं तर बुळबुळीत, कुजका वास. पडद्याच्या आधीच्या पाच मायक्रॉनच्या गाळण्या एरवी महिनोन्महिने टिकतात, त्या काही तासांत बुजल्या. बदलल्या, परत बुजल्या. शेवटी पंप बंद केले. त्या काळात किनाऱ्यावरचे अनेक प्रकल्प बंद होते, काही तर आठवडेच्या आठवडे. ज्या गावाची दुसरी सोयच नाही, तिथे समुद्रानं असं तोंड फिरवलं तर हातात उरतं फक्त टाक्यांतलं पाणी. मी त्या दिवसांत टाकीची पातळी तासातासाला लिहिली आहे. आजही समुद्रावर गेलो की आधी पाण्याचा रंग बघतो.

त्यानंतर बऱ्याच ठिकाणी बारीक बुडबुडे सोडून शेवाळ वर तरंगवून काढून टाकणाऱ्या टाक्या बसवल्या.

बांधावरून

शेतीचा कुणी उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. इस्रायलचा अश्केलॉन प्रकल्प २००५ मध्ये सुरू झाला आणि ते पाणी शेतात गेलं. लोकांना वाटलं, क्षारमुक्त पाणी, जमिनीचं सोनं होणार. पण पडदा मीठ काढतो तसं मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेटही काढतो. टोमॅटो, बेसिल आणि फुलपिकांवर मॅग्नेशियमच्या कमतरतेची लक्षणं दिसू लागली. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हे चित्र शेतकऱ्याला लांबूनही ओळखू येतं.

उलट बोरॉन पडद्यातून निसटतो. समुद्रात लिटरला चार-पाच मिलिग्रॅम असतो, निसटून उरतो तेवढा माणसाला चालतो पण संत्रा-लिंबू वर्गाच्या झाडांना लगेच बाधतो. पाणी अल्कधर्मी करून पुन्हा एकदा पडद्यातून नेलं की अडतो. म्हणजे परत वीज.

सोनचाफा

मॅग्नेशियम नसलेलं पाणी माणसांना चालतं का मग?

दाबमापक

बाहेर सोडण्याआधी आम्ही चुनखडीच्या थरातून नेतो, त्यानं कॅल्शियम परत येतं आणि नळ गंजत नाहीत. मॅग्नेशियम मात्र चुनखडीतून फारसं येत नाही. इस्रायलमध्ये यावर बरीच वर्षं चर्चा चालू आहे, कारण तिथं घरोघरी हेच पाणी जातं. मला विचाराल तर ते घालायलाच हवं. पाणी हे नुसतं एच-टू-ओ म्हणून कुणी पीत नाही.

ओंजळ

@भटका, बेटांचं मान्य करते. पण मोठ्या शहरांचं बघा. मेलबर्नजवळचा वोंथॅगीचा प्रकल्प २०१२ मध्ये तयार झाला, तोवर पाऊस पडून धरणं भरली. पाण्याची पहिली मागणी नोंदवली गेली ती २०१६ मध्ये. सिडनीचाही २०१२ ते २०१९ बंद होता. एवढं सिमेंट, एवढं पोलाद.

भटका

आणि २०१९ मध्ये सिडनीनं तो चालू का केला? कारण धरणं आटली. दुष्काळ आल्यावर प्रकल्प बांधायला घेतला तर पाणी यायला पाच वर्षं जातात. पर्थकडे बघा. तिथला पाऊस गेल्या काही दशकांत खरोखरच घटला. तिथल्या क्विनानाचा प्रकल्प २००६ मध्ये सुरू झाला, तो आजही चालतो. उथळ खाडीत सोडतात म्हणून तळाच्या प्राणवायूवर सतत नजर ठेवतात, विजेच्या बदल्यात पवनचक्क्या उभारल्या. नीट करायचं ठरवलं तर होतं.

निळाई

+१. मी विरोधात नाही, हे स्पष्ट करते. जागा आणि पद्धत यावर सगळं ठरतं. कॅलिफोर्नियाच्या किनारा आयोगानं २०२२ मध्ये हंटिंग्टन बीचचा प्रकल्प एकमतानं नाकारला आणि त्याच वर्षी काही महिन्यांनी डोहेनीचा मंजूर केला. डोहेनीत पाणी समुद्रतळाच्या वाळूखालच्या तिरक्या विहिरींतून घ्यायचं होतं. वाळूच गाळणी होते, अळ्या आत येत नाहीत.

ताई, वर्गात दाखवायला एक प्रयोग सुचवते. काचेच्या पसरट टाकीत तळाला थोडा उतार द्या, साधं मिठाचं पाणी भरा. दुप्पट खारट पाण्यात शाई टाका आणि पिचकारीनं तळाशी हळूच सोडा. मुलांना सगळं दिसेल.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितेय, कारण प्रयोग करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

पहिल्यांदा मी घाईनं पिचकारी दाबली, शाई सगळीकडे पसरली, मुलं म्हणाली, "मिसळलं की!" दुसऱ्यांदा थेंबाथेंबानं सोडलं. निळा पट्टा उतारावरून सरकत खाली गेला आणि कोपऱ्यात साचला. टाकी हलवली तरी जागचा हलेना. तळाशी मुलांनी चार शिंपले ठेवले होते, ते निळ्यात बुडून दिसेनासे झाले. वर्ग एकदम शांत झाला.

मग ती मुलगी पुढे आली. म्हणाली, "बाई, पहिल्या वेळी जोरात सोडलं तेव्हा मिसळलं होतं. मग समुद्रात पण जोरात का नाही सोडत? आणि पिचकारीचं तोंड खाली का धरलंय, वर धरू या ना." तिनंच पिचकारी हातात घेतली, तोंड तिरकं वर केलं आणि जोरात दाबली. निळं कारंजं वर चढलं, वळलं आणि खाली येईपर्यंत इतकं फिकं झालं की कोपऱ्यात जेमतेम छटा उरली.

दाबमापक दादा, प्रत्यक्षात असं करतात का? तिला उद्या सांगायचं आहे.

दाबमापक

ताई, अंगावर काटा आला वाचून. तंतोतंत हेच करतात. तळावर लांब नळ टाकतात, त्याला ठरावीक अंतरावर बारीक तोंडं असतात आणि त्यांतून जोरात, तिरकं वर सोडतात. खूप वर्षांच्या प्रयोगांनंतर बहुतेक ठिकाणी कोन ६० अंशांच्या आसपास धरतात. तो तिला आधी सांगू नका. कोनमापक द्या, ३०, ४५, ६०, ९० वर सोडून बघू दे.

पाटीपेन्सिल

नाही सांगत. कोनमापक आणि शाईची नवी बाटली काढून ठेवली आहे.